दगडांची आंघोळ

फाल्गुन सरत आला की मी पाडव्याच्या साफसफाईची यादी करायला घेते. वहीचं पान उभं दुमडायचं, डावीकडे काम, उजवीकडे ते कोणी करायचं. माळा, पंख्यांची पाती, पडदे, फ्रीजच्या मागची जाळी, गॅलरीतल्या कुंड्या. कामं दरवर्षी तीच असतात, पण जुनी यादी मी वापरत नाही. नव्याने लिहिताना काहीतरी सुटलेलं आठवतं.

चार वर्षांपासून यादीची पहिली ओळ मात्र ठरलेली आहे. ‘तन्वीच्या वस्तूंना पाणी लावायचं नाही.’ तन्वी माझी मुलगी. ती आता लखनौला असते, दगडातल्या झाडांवर संशोधन करते, आणि इथल्या तिच्या खोलीत पाणी लावण्यासारखं काही उरलेलंही नाही. तरी लिहिते. आणि गेली दोन वर्षं शेवटची ओळही ठरलेली आहे. ‘सासूबाईंची गादी पिंजून घेणे.’ तिच्यापुढे अजून खूण झालेली नाही.

बदलापुरात या दिवसांत सकाळी नऊपर्यंतच काय ते बरं वाटतं. मग ऊन गॅलरीच्या कठड्यावर चढतं, लोखंड तापतं, समोरच्या इमारतीत कुणाची तरी परीक्षा असते म्हणून टीव्हीचे आवाज लहान होतात. मागच्या मोकळ्या प्लॉटवर पांगारा लाल होऊन उभा असतो. अंबरनाथकडून वारा आला तर त्याला एमआयडीसीचा तो आंबूस वास असतो. या वासातच माझी सव्वीस वर्षं नोकरी झाली. मोरिवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. स्टोअर्स म्हणजे नटबोल्टपासून मोटारपर्यंत कारखान्यात येणारी प्रत्येक वस्तू कुठल्या रॅकवर, कुठल्या खणात, कुठून आलेली आणि कधी आलेली, हे माहीत असण्याची जागा. आमच्याकडे टॅग नसलेली वस्तू आत घेत नाहीत. ती कितीही चांगली असो, गेटवरच थांबते.

हे मुद्दाम सांगतेय, कारण त्या वर्षी जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर मी त्याला माफ केलं नसतं.

त्या वर्षी तन्वी भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राला होती. जानेवारीत ती तीन आठवडे मध्य प्रदेशात जाऊन आली. तिथे दिंडोरीच्या बाजूला एक जागा आहे, सरकारने कुंपण घालून राखलेली. आत झाडं आहेत, पण दगडाची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. तिने फोनवर फोटो दाखवले. गवतात आडवं पडलेलं खोड, सालीवरच्या रेघा, तुटलेल्या टोकाशी आतली ठेवण, सगळं जसंच्या तसं. वाटावं की कालच कुणी तरी तोडून टाकलंय. “आणि आई, आपल्या इकडचा काळा दगड आहे ना, मलंगगडचा, उल्हास नदीतला, तो त्याच सुमाराच्या लाव्हाचा. इकडे नुसता दगड झाला, तिकडे मध्ये मध्ये झाडं सापडली.” हे सांगताना तिचा चेहरा असा होता की जणू ती झाडं तिच्या मावशीच्या अंगणातली आहेत.

कुंपणाच्या आतलं ढेकूळसुद्धा उचलायचं नाही, हा तिथला नियम. पण कुंपणाबाहेर शेतं आहेत. नांगराला हेच तुकडे लागतात आणि शेतकरी ते काढून बांधावर टाकतात. तन्वीने पत्रं, परवानग्या, सह्या सगळं रीतसर करून सहा शेतांच्या बांधांवरून एकतीस तुकडे अभ्यासासाठी आणले होते. काम झालं की ते तिथल्या छोट्या संग्रहालयात परत द्यायचे, या बोलीवर. कुठल्या शेतात कुठली झाडं निघतात यावरून तिथे तेव्हा पाणी कुठे होतं, काठ कुठे होता, हे मांडायचं, असा तिचा प्रबंध होता.

नऊ तुकडे कॉलेजात गेले होते. बावीस आमच्या घरी, तिच्या पलंगाखाली, द्राक्षांच्या दोन खोक्यांत. प्रत्येक तुकड्यावर कापडी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा, त्यावर नंबर. मग तिकडच्या हिंदी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेला, त्या कागदाच्या कडेवरही तोच नंबर स्केचपेनने. कुठला नंबर कुठल्या शेतातला, ते तिच्या वहीत. माझीच मुलगी म्हणायची.

प्रबंध द्यायला बारा दिवस होते. रविवार होता. ती मैत्रिणीकडे डोंबिवलीला आकृत्या काढायला गेली होती आणि माझ्या यादीत ‘तन्वीची खोली’ होतं.

खोकी ओढली तर खाली मातीचा हा थर. एक पुडकं उघडलं तर त्यातूनही माती. मला वाटलं, एवढी धावपळ करते पोरगी, पुढच्या आठवड्यात हे असंच मातीसकट कॉलेजात नेणार. आपण निदान स्वच्छ करून देऊ. खरंच असंच वाटलं. आजही ते खोटं वाटत नाही, एवढंच माझं समर्थन.

नवऱ्याने पेपरातून डोकं न काढता विचारलं, “तिला विचारलंस?”

“त्यात काय विचारायचं? दगडच तर आहेत.”

गॅलरीत टब घेतला. कोमट पाणी, कपड्यांचा ब्रश, भांड्यांचा साबण. सासूबाई खिडकीखाली आपल्या गादीवर बसलेल्या. काचबिंदूने त्यांची नजर तेव्हा जवळजवळ गेलीच होती. उजेड कळायचा, माणूस आवाजावरून. सोनिवलीच्या आगरी घरातल्या त्या. भातशेती केलेल्या. शेतावर इमारत आली तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या, पण बोली सोनिवलीचीच ठेवली. ड आणि ळ त्यांच्या तोंडात कधी बसलेच नाहीत.

“काय घासतेस गो एवरी? मच्छी आनली का?”

“दगड आहेत आई, तन्वीचे.”

“दगर धुतेस?” त्या हसायलाच लागल्या. “देव हायेत का ते? दूध पन घाल मग.”

मी पण हसले. बावीसच्या बावीस धुतले. पट्ट्या पाण्यात सुटल्या, त्यांचे चिकट डाग मी खोबरेल तेलाने काढले. मग गॅलरीत जुन्या चादरीवर लहान ते मोठा असे ओळीत उन्हात मांडले. काय सुंदर दिसत होते. मातीखालून तांबूस, मधाच्या रंगाचे, काळसर निघाले. काहींवर बारीक टिपके टिपके होते, सगळे सारख्या अंतरावर. मी कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. मग पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात. सरळ वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधलेले होतेच. हे चुरगळलेले कागद त्यांत बसेनात, म्हणून तांदळाच्या रिकाम्या गोणीत भरले, तोंड सुतळीने बांधलं, आणि सवयीने गोणीवर लेबल चिकटवलं. तारीख, आणि ‘चुरगळलेला कागद’. चार वाजता रद्दीवाला आला आणि सगळं घेऊन गेला. त्याच्या मागोमाग कचऱ्याची गाडीही आली. यादीतल्या चार ओळींपुढे खुणा झाल्या.

संध्याकाळी तन्वी आली. चप्पल काढता काढता तिला गॅलरीतली चादर दिसली.

“आई, हे काय?”

“बघ तरी कसे झालेत.”

ती चादरीपाशी बसली. एक तुकडा उचलला, उलटा केला, खाली ठेवला. दुसरा उचलला.

“यांच्यावरच्या पट्ट्या?”

“निघाल्या पाण्यात. डाग पण काढले मी.”

“कुठेयत त्या?”

“कचऱ्यात. गाडी गेली अगं.”

“आणि पेपर?”

माझी नजर रद्दीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे गेली. तेवढ्या वेळात मला सगळं कळलं होतं. एखादी जड वस्तू वरच्या रॅकवरून निसटते आणि ती खाली पोचायच्या आधीच आपल्याला आवाज ऐकू येतो, तसं.

तन्वी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, “आई, हा कुठला आहे ते माहीत नसेल ना, तर हा नुसता दगड आहे.” आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आपटलं नाही. लावून घेतलं.

‘तिला विचारलंस?’ हे नवऱ्याने पुन्हा काढलं नाही, हा त्याचा मोठेपणा. मी दगड आत आणले. जेवण तीन ताटांत तसंच राहिलं. सासूबाईंनी मात्र नीट जेवून घेतलं, हात धुतले आणि विचारलं, “पोर का रुसली? मना सांग.” मी सांगितलं. कागदांचं, पट्ट्यांचं, नंबरांचं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “कागद घट्ट बांधलेला व्हता?”

“हो.”

“किती दिस?”

“दोन महिने.”

“मग त्याचा घर झाला असल त्यात.”

मला कळेना. त्या हाताने हवेत आकार करून दाखवू लागल्या. पूर्वी त्यांच्याकडे पावसाळ्याआधी मडकी पेंढ्यात ठेवायची. चार महिन्यांनी मडकं उचललं तरी पेंढा तसाच राहायचा, पोट, गळा, काठ सगळं त्यात उमटलेलं; कुठलं मडकं कुठे होतं ते अंधारात हात घालूनसुद्धा कळायचं. “कागद पन तसाच. दगर निघाला तरी घर रहातो. जा, कागद आन.”

मी तन्वीच्या दारावर टकटक केली. दाराबाहेरूनच सांगितलं. थोड्या वेळाने दार उघडलं. डोळे सुजलेले.

“आजी असं म्हणाली?”

“हो.”

“उद्या मी पण येणार.” एवढंच.

सोमवारी मी कामावर अर्धी रजा टाकली. स्टेशनजवळचं रद्दीचं दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघी पायरीवर उभ्या. दुकानदार म्हणाला, माल पहाटेच टेम्पोने गेला, उल्हासनगर, कॅम्प पाचच्या गोदामात. तिथे चुरगळलेला कागद वेगळा काढतात आणि दुपारी यंत्रात दाबून त्याचे चौकोनी गठ्ठे करतात. दुपारी म्हणजे कधी? “दुपारी म्हणजे दुपारी, मॅडम. जेवण झालं की.”

बदलापूरहून अंबरनाथमार्गे कॅम्प पाच, स्कूटरवर. तन्वी मागे बसलेली. लहानपणापासून ती मागे बसली की माझ्या कमरेला हात घालते. त्या दिवशी तिने मागचा लोखंडी दांडा धरला होता. प्रत्येक गतिरोधकावर मी हळू केलं की एरवी तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटतं आणि आम्ही हसतो. त्या दिवशी ती इतकी ताठ बसली होती की एकदाही आपटलं नाही. मोरिवलीवरून जाताना माझ्या कारखान्याचं गेट लागलं. वॉचमनने हात केला. मी केला नाही. त्या गेटवर एका सुपरवायझरला मी टॅग नाही म्हणून उन्हात पाऊण तास उभं केलेलं मला आठवलं.

कॅम्प पाच माझं माहेर. वडील तिथे भाड्याने राहायचे, शेजारीपाजारी सगळे सिंधी. त्यामुळे गोदामाच्या मालकाने, किशनकाकांनी, पंख्याखालून “आओ अदी,” म्हटलं तेव्हा मला एकदम धीर आला. अदी म्हणजे ताई. कितीतरी वर्षांनी कुणी म्हटलं होतं.

“काका, कल का माल. बदलापूर से. चुरगळलेला कागद, तांदूळ की गोणी में.”

“कौन सा कागज चाहिए अदी? यहाँ तो पूरे जिल्ले का सवेरा पड़ा है.” त्यांनी मागे हात केला. छपरापर्यंत गोण्या. त्यांच्या शेजारी ते दाबायचं यंत्र, तोंड उघडून.

“अंदर बहुत जरूरी… नंबर हैं,” तन्वी म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला.

काका तिच्याकडे पाहत राहिले. मग आत ओरडले, “मशीन बंद रखो रे! बच्ची का कुछ है.”

आम्ही दोघींनी ओढण्या तोंडाला बांधल्या आणि गोण्या उलटसुलट करायला लागलो. कागदाची धूळ, शाईचा वास, पत्र्याखाली साठलेली आग. अर्धा तास झाला. काकांचं बोलणं चालूच होतं. “अदी, तुम पढ़ी-लिखी हो के ऐसे कैसे फेंक दिया?” मी म्हटलं, “पढ़ी-लिखी हूँ इसलिए तो साफ करके फेंका.” तन्वीच्या ओढणीमागून एक आवाज आला. हसू होतं की खोकला, मी विचारलं नाही.

मग तीच ओरडली, “आई! तुझं अक्षर!”

तिसऱ्या थरात, पांढऱ्या गोणीवर, माझं लेबल. तारीख. ‘चुरगळलेला कागद’. आयुष्यात हजारो लेबलं लिहिली असतील. एवढं छान एकही दिसलं नव्हतं.

गोणीचं तोंड मात्र सुटलेलं होतं. वरचे काही कागद गेले होते. काकांनी चौकशी केली, तर सकाळी हमालांनी न्याहारीला बसताना खाली अंथरायला दोन-चार घेतले होते आणि मग तिथेच कुठेतरी. शोधले. दोन भजीच्या तेलाने माखलेले मिळाले, नंबर वाचता येत होते. बाकीचे नाहीत.

निघताना काकांनी विचारलं की हे नंबर एवढे कसले. तन्वीने सांगितलं, कुठला दगड कुठल्या शेतातला त्याचे. काका मान हलवत राहिले. “मेरे बाप को सिंध से इधर आए तब बैरक का नंबर मिला था. गाँव का पूछो तो चुप बैठते थे. नंबर पूछो तो नींद में भी बोल देते.”

“और गाँव कौन सा था?” तन्वीने विचारलं.

“शिकारपुर की तरफ कुछ. नाम माँ को मालूम था.” त्यांनी यंत्राकडे पाहून हात केला. ते घरघरत सुरू झालं.

येताना गोणी आमच्या दोघींच्या मध्ये होती. ती पडू नये म्हणून तन्वीला हात पुढे आणून मला धरावं लागलं. गोणीसकट. अंबरनाथच्या पुलावर खड्डा आला आणि हेल्मेट टक्कन आपटलं. कुणी हसलं नाही, पण हात तिथेच राहिला.

पुढचे दोन दिवस मी उरलेली रजाही टाकली. हॉलमधलं सामान भिंतीला लावलं. एका बाजूला बावीस स्वच्छ दगड, एका बाजूला वीस मळके कागद, मध्ये सासूबाई, गादीवर पाय पसरून. सुती साडीच्या ओच्यात एक दगड, मांडीवर एक कागद. त्या कागद सरळ करायच्या नाहीत, कुणाला करूही द्यायच्या नाहीत. चुरगळलेल्या कागदात आधी चार बोटं घालून चाचपायच्या, मग दगड फिरवत फिरवत आत सोडायच्या, आणि मूठ मिटायच्या.

“यो नाय बसत. याची कूस वेगली.”

दुसरा. तिसरा. मग एखादा आत जायचा आणि कागद आपोआप त्याच्याभोवती मिटायचा. प्रत्येक घडी आपल्या जागी. टोकाने पूर्वी पाडलेलं भोक बरोबर त्याच टोकावर. “बसला!” त्या म्हणायच्या, जसं लहान मूल झोपलं की सांगतात. मग तन्वी कागदाच्या कडेचा नंबर वाचायची आणि मी लिहायची.

एक टिपक्यांचा तुकडा त्यांनी बराच वेळ सोडला नाही. अंगठा फिरवत राहिल्या.

“यो तर झार हाय गो.”

“झाडच आहे आजी. दगड झालेलं.”

“तसा नाय. ताराचा झार. आपल्या ओढ्यावर तार कापला तर आत असाच खरबरीत लागायचा, टिपक्या टिपक्या. त्याचीच पन्हल केलेली पान्याला.”

तन्वी माझ्याकडे बघत राहिली. “आई, ताडाच्याच जातीचं आहे हे. मला हे कळायला सूक्ष्मदर्शक लागला. दोन सत्रं लागली.”

“दोन सत्रां?” सासूबाईंनी नातीला कोपराने ढोसलं. “मना विचाराचा. फुकट सांगितला असता.” मग माझ्याकडे तोंड करून, “आनि तू! मातीसकट दिला असतास त मना वासावरून शेत पन सांगितला असता. चकचकीत करून ठेवलंस सगला.”

तन्वी हसली. त्या रविवारनंतर पहिल्यांदा, मोठ्याने. मग गंभीर होऊन कागदात अडकलेली माती बोटावर घेऊन बघू लागली. दगडांवरची मी धुतली होती. कागदात थोडी थोडी राहिली होती. काळी वेगळी, तांबूस वेगळी. तीही तिने नंबर घालून लहान पाकिटांत भरून ठेवली.

दुपारी पंखा बंद ठेवावा लागायचा, कागद उडू नयेत म्हणून. घामाने तिघींच्या पाठी भिजलेल्या. खिडकीतून पांगाऱ्यावरच्या साळुंक्यांचं भांडण ऐकू यायचं. नवरा मधून मधून कोकम सरबत आणून द्यायचा आणि पाय कुठे ठेवायचा ते विचारायचा. मला ते दोन दिवस फार आवडले, हे म्हणणं बरोबर नाही, कारण ते माझ्याच चुकीने आले होते. पण आज ते ऋतूसकट आठवतात ते त्या चुकीमुळे नाही, त्या “बसला!”मुळे.

वीस कागदांना वीस दगड मिळाले. दोन दगड उरले. यादीत दोन नंबर उरले, चौदा आणि एकोणीस. चौदा नाल्याकाठच्या शेतातला, एकोणीस टेकडीकडच्या. कुठला कुठला ते सांगणारे कागद कॅम्प पाचमध्ये न्याहारीखाली गेले होते. दोन्ही दगड मुठीएवढे, दोन्ही टिपक्यांचे. सासूबाईंनी दोन्ही हातांत एकेक घेऊन तोलले आणि मान हलवली.

“तन्वी,” मी म्हटलं, “लिहून टाक ना. हा चौदा, हा एकोणीस. चुकलं तरी कुणाला कळणार?”

ती माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाली, “तुझ्या स्टोअर्समध्ये चालतं?”

मी सासूबाईंच्या हातांतले दोन्ही दगड काढून बाजूला ठेवले. मग म्हटलं, “नाही चालत.”

तिने टेबलावरची लेबलं आणि पेन माझ्याकडे सरकवलं. “तू लिही. तुझं अक्षर शोधलं तर सापडतं.”

माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही, नंतरही कधी म्हणाली नाही. मी बावीस लेबलं लिहिली. शेवटच्या दोन्हींवर तिने मजकूर सांगितला आणि मी तसाच उतरवला. ‘नंबर १४ किंवा १९. मूळ शेत अनिश्चित. ओळख बदलापूर येथे हरवली.’ मी म्हटलं, “माझं नाव पण घाल.” ती म्हणाली, “संग्रहालयात जागा कमी असते, आई.”

प्रबंध वेळेवर गेला. त्या दोन दगडांबद्दल तिने त्यात जे होतं तेच लिहिलं. मे महिन्यात आम्ही दोघी ते तुकडे परत द्यायला गेलो, तेव्हा तिथल्या माणसाने कॉलेजातले नऊ धरून एकोणतीस तुकडे कपाटात शेताशेताप्रमाणे लावले आणि दोन हातात घेऊन उभा राहिला. “इनको कहाँ रखूँ?” मग सगळ्यात खालच्या फळीवर त्यांच्यासाठी वेगळी जागा केली. मी वाकून पाहिलं. माझ्या अक्षरात बदलापूर. साडेसहा कोटी वर्षांत ते दगड तेवढेच चार महिने गाव सोडून राहिले होते.

सासूबाई जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांची गादी खिडकीखालीच आहे. सावरीच्या कापसाची. सोनिवलीला ओढ्याकडच्या बांधावर सावरीचं झाड होतं, त्याची बोंडं फुटली की त्या स्वतः कापूस गोळा करायच्या, त्याच कापसाची. त्या जागी आता इमारतीचं पार्किंग आहे. गादीत मधोमध एक खळगा आहे, डावीकडे थोडा जास्त खोल, कारण त्या डाव्या कुशीवर झोपायच्या. गादीवाला दरवर्षी पाडव्याआधी खालून हाक मारतो. अशा दबलेल्या गादीला पाठ लागत नाही, कापूस मोकळा करून भरली की पुन्हा वीस वर्षं चालेल, हे मला कळतं. म्हणून तर ते काम यादीत आहे.

या वर्षीची यादी मी नेहमीप्रमाणे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकली. अर्ध्या तासाने तन्वीचा फोन आला.

“आई, शेवटची ओळ.”

“हो अगं, यंदा तरी करून टाकते. दोन वर्षं झाली.”

तिने तिकडे दार लावून घेतलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, “जाऊन बघ ना जरा. घर आहे का त्यात अजून?”

मी फोन हातात धरून गेले. दुपारची वेळ होती, खिडकीतलं ऊन बरोबर गादीवर आलं होतं आणि खळग्याच्या कडेला सावली पडली होती. मी चार बोटं घालून चाचपलं. खांद्याची जागा. कमरेची. त्याखाली पाय दुमडलेला.

“आहे,” मी म्हटलं.

“मग?”

खालून गादीवाल्याची हाक आली. मी गॅलरीत जाऊन हात हलवून नको म्हटलं. मग टेबलाच्या खणातून एक लेबल काढलं, चांगल्या अक्षरात लिहिलं आणि सुतळीने गादीच्या कोपऱ्याला बांधलं. ‘सावरीचा कापूस. सोनिवली, ओढ्याकडचा बांध. सासूबाईंची. धुवू नये. पिंजू नये.’

आणि वही उघडून शेवटच्या ओळीपुढे खूण केली.